शरयूकाकूंची पवनचक्की

शरयूकाकू बेलसऱ्यांना फ्रीवेवर गाडी चालवायची भीती वाटायची. ती नसती, तर मी एमडेन क्रीक नावाच्या गावात पाऊलही टाकलं नसतं आणि लाकडाच्या एका म्हाताऱ्या पवनचक्कीपायी माझे इतके शनिवार वाया गेले नसते. वाया गेले असं मी तेव्हा म्हणायचे. अजूनही रागावले की म्हणते.

काकू मूळच्या बार्शीच्या. लग्न करून ॲन आर्बरला आल्या, युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलातल्या लॅबमध्ये तीसेक वर्षं लोकांची रक्तं तपासली आणि रिटायर झाल्या. राजारामकाका त्याआधीच गेले होते. मुलगी सावनी कॅलिफोर्नियात. घर मोठं, माणूस एक आणि तोंड मात्र दहा जणांचं. मंडळाच्या गणपतीत कुणी मोदक करून आणले की काकू पहिला मोदक डोळे मिटून खायच्या आणि आणणारीचा जीव टांगणीला लागायचा. "सारण छान झालंय. पारीचं काय झालं?" एवढ्यावर भागलं तर नशीब समजायचं.

पिठाच्या बाबतीत तर त्या कुणाचं ऐकूनच घेत नसत. इंडियन स्टोअरमध्ये कणकेची पिशवी नाकाशी धरायच्या आणि परत फळीवर ठेवायच्या. "हे पीठ नाही गं सुवर्णा, गव्हाचं प्रेत आहे," असं मोठ्यानं म्हणायच्या. दुकानदार गुजराती होता, पण त्याला एवढं मराठी कळत होतं.

आणि मी? मी नागपूरची सिव्हिल इंजिनियर, नवऱ्याच्या व्हिसाला शेपटासारखी जोडून आलेली. नोकरी करायची कायद्यानं बंदी. सुशांत सकाळी ऑफिसला गेला की मी चार भिंतींना तोंड देत बसायचे. त्यातल्या त्यात ड्रायव्हिंग लायसन्स तेवढं काढून ठेवलं होतं. ही बातमी काकूंना लागली आणि माझं ठरून गेलं.

ही गोष्ट २००१ च्या ऑक्टोबरातली. न्यूयॉर्कमध्ये जे घडलं त्याला महिना झाला होता नव्हता. आमच्यातले बरेच जण विनाकारण बाहेर पडत नव्हते. कुणी टक लावून पाहिलं तर ते नुसतं पाहणं की आणखी काही, याचा विचार करण्यात अर्धा दिवस जायचा. "कशाला यार उगाच रिस्क, वीकेंडला घरी बसा," असं सुशांत म्हणाला. काकूंनी फोनवरून त्याला विचारलं, "मग सफरचंदं काय बागेतून चालत येणार आहेत माझ्याकडे?" गेलो सफरचंदं आणायला. येताना मी चुकीचा एक्झिट घेतला. मक्याच्या कापलेल्या शेतांमधून गाडी चालली होती आणि एकाएकी समोर ती उभी.

आठ बाजूंची, राखाडी पडलेल्या फळ्यांची, वर लाकडाची टोपी आणि टोपीच्या कपाळावर चार लांबच लांब पाती. पाती फिरत होती.

"थांब. गाडी थांबव," काकू म्हणाल्या. खाली उतरून त्यांनी आधी आजूबाजूच्या झाडांकडे पाहिलं. "सुवर्णा, पान हलत नाहीये. मग ही फिरतेय कशावर?"

दाराशी मोठा झेंडा होता आणि झेंड्याखाली खुर्ची टाकून एक उंच म्हातारा बसला होता. तो ग्लेन ग्रोटहाउस. आयुष्यभर गाई पाळल्या, आता चक्की पाहायला येणाऱ्यांना आत सोडण्याचं काम करायचा. त्यानं आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठून आलात, म्हणाला. ॲन आर्बरहून. नाही, मूळच्या कुठल्या?

मी गाडीच्या दिशेनं एक पाऊल मागं सरकले. काकू नाही. "बार्शीची. तुम्हाला माहीत नसणार. आणि तुम्ही मूळचे कुठले?"

हा प्रश्न त्याला जन्मात कुणी विचारला नसावा. तो खुर्चीत सावरून बसला आणि सांगू लागला. पणजोबा सुतार होते. जर्मनीच्या अगदी वरच्या टोकाला, समुद्राकाठी, एमडेन गावाजवळ राहायचे. तिथं अशा चक्क्या पायलीच्या पन्नास. इथं आल्यावर त्यांनी इथल्याच जंगलातला ओक पाडून १८७३ साली ही उभी केली. दगड तेवढे फ्रान्सचे, जहाजातून आणि मग बैलगाडीतून आणलेले. आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांचा गहू, मका इथं दळून जायचा. पुढं शहरांतल्या मोठ्या गिरण्यांचं पांढरं मैद्यासारखं पीठ स्वस्तात दुकानात आलं, त्यात वादळात एक पातं मोडलं, आणि चक्की थांबली. कितीतरी वर्षं तिच्यात गवत भरत होते. १९७६ साली देशाला दोनशे वर्षं झाली म्हणून गावानं तिला नवी पाती, रंग आणि एक विजेची मोटर दिली.

"मग आता काय दळता?" काकूंनी विचारलं.

"दळत नाही. नुसती फिरवतो. लोक फोटो काढतात."

आम्ही आतल्या अरुंद जिन्यानं वर गेलो. मधल्या माळ्यावर जात्याच्या दोन प्रचंड दगडी तळ्या होत्या. वरची तळी लोकांना दिसावी म्हणून थोडी उचलून ठेवली होती आणि मोटरच्या जोरावर तीही गरागरा फिरत होती. तिच्या तोंडात एक दाणा नव्हता.

काकूंनी छातीवर हात ठेवला. "अगं बाई, रिकामं जातं फिरवतायत गं!" कुणी तान्ह्या पोराला उपाशी ठेवून झोका देत असावं, असा त्यांचा आवाज झाला.

रिकामं जातं फिरवू नये, हे आपल्याकडे माझ्या पिढीलाही कानावरून गेलेलं असतं. काकूंच्या बार्शीत पिठाची गिरणी होती, तरी मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी घरच्या जात्यावरच व्हायची. त्यांची आई खुंट्याला हात लावायच्या आधी जात्याच्या तोंडात मूठभर दाणे घालायची. जातं रिकामं फिरलं तर घरातलं धान्य सरतं, म्हणायची. मला विचाराल तर दगडावर दगड घासून झिजू नये म्हणून कुणा शहाण्यानं घातलेली ही भीती. लाकडाच्या चक्कीत तर ठिणगी उडाली तर सगळंच जळायचं. हे सगळं काकूंना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांच्या अंगावर जो काटा आला तो ठिणगीच्या विचारानं नव्हता.

"बंद करा हे," त्या खाली येऊन ग्लेनला म्हणाल्या. तो हसला. पुढच्या शनिवारी त्या मला घेऊन परत गेल्या.

हिमवादळाचा एखाददुसरा सोडला तर त्यानंतर आमचा एक शनिवार चुकला नाही. चक्की सांभाळणारी गावातल्या म्हाताऱ्यांची एक समिती होती. तिच्यात काकूंचा शिरकाव कसा झाला हे मला लोक विचारतात. सोपं आहे. टोपीखालच्या माळ्यावर कबुतरांनी पाव शतक राज्य केलं होतं आणि ती घाण खरवडायला जगात कुठंही स्पर्धा नसते. काकूंनी तोंडाला लॅबमधला मास्क बांधला, मला दुसरा दिला आणि आम्ही कामाला लागलो. दुसऱ्या वर्षी त्या समितीवर होत्या. समितीच्या पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं की मोटर काढायची, चक्की वाऱ्यावर चालवायची आणि तिच्यावर दळायचं.

"आई, इट्स जस्ट अ टुरिस्ट थिंग," सावनी फोनवर म्हणाली. काकूंनी विषय बदलला. लेकीशी त्या भांडत नसत, भांडणाचा सगळा साठा त्यांनी ग्लेनसाठी राखून ठेवला होता.

कारण खरा विरोध ग्लेनचा होता. दळायला लागलं की सगळा भार मोठ्या दातेरी चाकावर येणार. त्या चाकाचे लाकडी दात त्याच्या पणजोबानं तासलेले. "हे मोडले तर मी काय जपलं?" तो म्हणायचा. त्याच्या मते जुनी वस्तू जपायची म्हणजे तिला हात लावायचा नाही. काकूंच्या मते ज्या वस्तूला हात लागत नाही ती कधीच मेलेली असते, आपण फक्त तिला पुरायचं विसरतो. दोघं त्या माळ्यावर उभं राहून तासन्‌तास भांडायचे आणि मी जिन्यावर बसून दळण ऐकायचे. खरं दळण होईपर्यंत हेच दळण चालू राहणार अशी माझी खात्री झाली होती.

"दाढ पडली म्हणून जेवण सोडतात का?" काकूंनी एकदा विचारलं.

ग्लेननं जिभेनं स्वतःच्या कवळीला धक्का दिला.

पुढच्या हिवाळ्यात त्यानं स्वतःच्या गोठ्यात बसून मेपलच्या लाकडाचे नवे दात तासायला घेतले. काढलेले जुने दात तो एका टोपलीत ठेवत गेला. ती टोपली कुणी हलवलेली त्याला चालत नसे. वरची तळी साखळ्यांनी उलटी करून घेतली आणि काकूंनी तिला टाकी लावायला घेतली. तळीच्या चऱ्या बुजल्या की छिन्नीनं पुन्हा कोरायच्या, त्याला टाकी लावणं म्हणतात. काकू हे कुठं शिकल्या असं विचारू नका. त्या ते कुठंच शिकल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी छिन्नी दगडावर कमी आणि अंगठ्यावर जास्त बसली. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की बार्शीला टाकीवाला यायचा तेव्हा तो मांडी घालून बसायचा आणि घाई करायचा नाही. तेवढ्या आठवणीवर त्या साठीच्या बाईनं डोळ्याला चष्मा लावून दोन हिवाळे दगड कोरला. मला त्यांचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटणं फार दमवणारं असतं.

एकदा डबा खाताना मी हिशेब मांडला. पाती १९७६ ची, दात आताचे, टोपीच्या फळ्या बदललेल्या, निम्मे वासे नवे. "मग काकू, ही जुनी चक्की कशी? जुनं राहिलंय काय हिच्यात?"

काकू थालीपीठ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी इथं आले तेव्हा माझी वेणी गुडघ्यापर्यंत होती. आता केस हे एवढे, गुडघा स्टीलचा, पासपोर्ट दुसरा आणि स्वप्नं पडतात तीही निम्मी इंग्लिशमध्ये. मग मी कोण दुसरी बाई झाले का?"

"पण तुमचा स्वभाव तोच आहे," मी म्हटलं.

"तेच तर सांगतेय. हिचा स्वभाव दळायचा आहे."

गाडी चालवताना कितीतरी वेळ मी त्याच विचारात होते. नागपूरला मी पूल बांधायला शिकले होते आणि इथं दुसऱ्याच्या व्हिसावर नुसती फिरत होते. त्या दिवशी मला काकूंचं रिकाम्या जात्याचं भय पहिल्यांदा खऱ्या अर्थानं कळलं. मी ते त्यांना सांगितलं नाही.

२००५ च्या शरदात मोटर निघाली. आता प्रश्न परवानगीचा होता. जुन्या इमारतीत चालतं यंत्र, त्यात येणारी-जाणारी माणसं, म्हणून कौंटीचा इंजिनियर आणि विम्याचा माणूस असे दोघं तपासायला यायचे होते. आधी वरची तळी उचलून चक्की रिकामी फिरवायची, सांगाडा किती हादरतो ते मोजायचं आणि सगळं ठीक असेल तर दळायला परवानगी मिळायची. नापास झाली तर पाती साखळदंडानं बांधून टाकायची. एवढी चार वर्षं त्या एका सकाळवर येऊन टेकली होती.

काकू रेशमी साडी नेसून आल्या होत्या. वर जाकीट, पायांत स्पोर्ट्स शूज. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं.

पश्चिमेचा चांगला वारा होता. तळ्यांभोवती लाकडी कठडा केला होता आणि चक्की फिरत असताना कुणी कठड्याच्या आत हात घालायचा नाही, हे विम्याच्या माणसानं प्रत्येकाला सांगितलं. काकूंनी मान डोलावली. ग्लेननं ब्रेकचा दोर सोडला.

आधी सगळं लाकूड एकदम कण्हलं. मला वाटलं, संपलं. मग तो आवाज हळूहळू सरळ झाला, बाहेरून पात्यांची सावली खिडकीवरून जाऊ लागली आणि ऐंशी वर्षांनी ती तळी वाऱ्याच्या जोरावर फिरू लागली. ग्लेनचे डोळे भरून आले होते. इंजिनियर आपल्या यंत्राकडे पाहून समाधानानं मान हलवत होता. सगळं ठीक चाललं होतं. फक्त तळी रिकामी होती.

काकूंचा हात जाकिटाच्या खिशात गेला. मी पाहिलं, पण मला कळलं नाही. तो हात बाहेर आला, कठड्यावरून आत गेला आणि फिरत्या दगडाच्या तोंडात त्यांनी मूठभर गहू सोडले.

विम्याचा माणूस ओरडला. ग्लेननं दोर ओढला. पाती करकरत थांबली. काकू तशाच उभ्या होत्या, मूठ उघडी. खाली पिठाच्या पन्हळीत आलेले गहू मी नंतर पाहिले. तळी उचललेली असल्यामुळे धड भरडलेही गेले नव्हते. दोन तुकडे, तीन तुकडे, काही तर अख्खेच्या अख्खे.

निकाल तिथंच लागला. चक्की पक्की आहे, इंजिनियर म्हणाला. माणसं पक्की नाहीत, विम्याचा माणूस म्हणाला. ज्या समितीला आपली माणसं आवरत नाहीत तिच्या हाती चालतं यंत्र देता येत नाही. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. त्याच संध्याकाळी पात्यांना साखळदंड पडला.

गाडीत मी काकूंवर ओरडले. त्यांच्या वयाचं, मानाचं मला काही भान राहिलं नाही. "चार वर्षं, काकू! दोन हिवाळे दगड फोडलात! आणि पाच मिनिटं तुमच्यानं धीर धरवला नाही?"

"हात गेला गं."

"गेला म्हणजे?"

"मी नेला नाही. गेला. फिरताना दिसलं रिकामं, आणि..." मग खिडकीकडे तोंड करून हुंदके देऊन रडल्या. राजारामकाकांच्या वेळी त्या रडल्या नव्हत्या असं मंडळातल्या बायका सांगायच्या. "माझ्यामुळं आता ती कधीच दळणार नाही," एवढंच त्या म्हणत राहिल्या. मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांचा हात धरून बसले. राग गेला नव्हता. पण हात धरला.

त्या हिवाळ्यात काकू कुणाच्या घरी गेल्या नाहीत आणि कुणाच्या मोदकाला नावं ठेवली नाहीत. मंडळातल्या बायकांना आधी बरं वाटलं, मग काळजी वाटू लागली.

पुढच्या वसंतात एका सकाळी काकूंच्या दारात ग्लेनचा पिकअप उभा राहिला. मी तिथंच होते. ॲन आर्बरला तो प्रथमच आला होता आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत त्याचे पाय मावत नव्हते. काकूंनी त्याच्यापुढं गरम थालीपीठ ठेवलं. त्यानं ते संपवलं, टोपी हातात फिरवली, पुन्हा फिरवली.

शेवटी तो बोलला. विम्याची माणसं पुन्हा तपासायला तयार होती. अट एकच. चक्की चालू असताना मिसेस बेलसरे आत असता कामा नयेत. आज नाही आणि पुढंही कधी नाही.

"मी नाही म्हणून सांगू शकतो," ग्लेन म्हणाला. "तुमच्याशिवाय ती फिरायची नसेल तर राहू दे."

"वेडे आहात का?" काकू म्हणाल्या. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पाती बाहेरूनच चांगली दिसतात."

ग्लेननं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, तुम्ही तसं का केलंत. इतके दिवस त्याला कुणी कारण सांगितलंच नव्हतं. काकूंनी सांगितलं. बार्शी, आई, घरातलं धान्य सरतं, सगळं. त्यानं टोपी टेबलावर ठेवून ऐकलं. सगळं झाल्यावर म्हणाला, "किती?"

काकूंनी मूठ वळून दाखवली. त्यानं आपली भलीमोठी मूठ वळली, तिच्याकडे पाहिलं आणि बोटं थोडी सैल करून काकूंच्या मापाची केली. मला वाटलं, म्हातारा आपला शिष्टाचार पाळतोय.

तो गेल्यावर काकू त्याची बशी किती वेळ धूत होत्या. मी नळ बंद केला तेव्हा त्या थांबल्या.

दुसरी तपासणी व्हायला २००७ चा मे उजाडला. तोवर मला वर्क परमिट मिळून एका ऑफिसात पुलांची गणितं करायचं काम लागलं होतं. त्या दिवशी मी रजा टाकली. काकू माझ्या गाडीत बसून होत्या. गाडी चक्कीच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या कडेला. वारा बोचरा होता तरी त्यांनी काच खाली घेतली. पाती सुटली, वेग धरला. बऱ्याच वेळानं पाती किंचित जड झाल्यासारखी वाटली.

"दाणे घातले," काकू म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

पुढं ग्लेन दारात आला आणि रस्त्याच्या दिशेनं टोपी उंच धरून उभा राहिला. पास झाली होती. चक्की थांबल्यावर आत जायला काकूंना कुणाची मनाई नव्हती. मी चला म्हटलं, त्या नाही म्हणाल्या. "मांडवाबाहेर बसवलेल्या माणसानं पंगती उठल्यावर आत जाऊन काय करायचं? चल घरी." हे त्यांनी हसत म्हटलं, पण त्यांना लागलं होतं, आणि मलाही. त्यानंतर वर्षभरात त्या एमडेन क्रीकला फक्त एकदा गेल्या, २००८ च्या फेब्रुवारीत, ग्लेन वारला तेव्हा त्याला पोचवायला. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या आणि कुणी ओळखायच्या आत निघाल्या.

त्याच वर्षी सुशांतला ओहायोत, डब्लिनला नोकरी लागली. सामान बांधायला घेतलं तेव्हा मी काकूंकडे हट्ट धरला. जायच्या आधी तुम्हाला चक्कीवर नेणार, आणि रिकाम्या हातानं नाही, दळण घेऊन. आता तिथं शनिवारी लोकांना धान्य दळून देत होते. चक्कीला लागून शेड होती, तिथं डबा द्यायचा आणि पीठ घेऊन जायचं. आत पाऊल टाकायची गरजच नव्हती. काकू नाही-होय करता करता तयार झाल्या. गहू निवडले, उन्हात वाळवले, स्टीलच्या डब्यात भरून वर फडकं बांधलं.

शेडमध्ये रांग होती. गोरी कुटुंबं, दोन मेक्सिकन बायका आणि आम्ही. टेबलापाशी एप्रन बांधलेली एक हसरी बाई होती, शाळेतून रिटायर झालेली बार्ब. गेल्या वर्षीच समितीत आलेली, त्यामुळे तिनं काकूंना कधी पाहिलेलं नव्हतं. डबा पाहून तिला फार मजा वाटली.

"पहिल्यांदाच पवनचक्की पाहताय का?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. काकूंनी टेबलाखाली माझं मनगट दाबलं. "तुम्ही सांगा ना," त्या बार्बला म्हणाल्या.

बार्बनं सांगितलं. ओकचं लाकूड, फ्रान्सचे दगड, मेपलचे दात. काकू नव्यानं ऐकावं तशा ऐकत होत्या. मग बार्ब आवाज खाली आणून म्हणाली की इथं एक गंमत आहे. पाती सोडायच्या आधी दगडाच्या तोंडात हातानं मूठभर धान्य घालतात. चक्की रिकामी कधीच सुरू करत नाहीत. ज्या जर्मन लोकांनी ही बांधली त्यांची फार जुनी रीत आहे ती, त्यांनी समुद्रापलीकडून आणलेली. ती रिकामी फिरली तर घरातलं धान्य सरतं, असं ते मानायचे. ग्लेन ग्रोटहाउसनं मरायच्या आधी सगळ्यांना हे शिकवून ठेवलं. आता ते मोडायची कुणाची छाती नाही. विम्याचा माणूससुद्धा काही म्हणत नाही, कारण परंपराच आहे.

काकूंनी पदराचं टोक ओठांना लावलं. "शहाणी होती हो तुमची माणसं," त्या म्हणाल्या.

पिठाचा डबा मांडीवर घेऊन त्या गाडीत बसल्या. डबा गरम होता. मी मात्र किल्ली लावायच्या आधीच भडकले. "हे काय ऐकून घेतलंत काकू? रीत तुमची, बार्शीची! आणि ग्लेननं ती आपल्या पणजोबाच्या नावावर लावली! परत जाऊन सांगू का मी त्या बाईला?"

"गप गं." त्यांनी फडकं सोडून पिठात बोटं घातली, अंगठ्यानं चोळून पाहिली. "माझं नाव सांगितलं असतं तर चालू दिलं असतं का त्यांनी ते?"

मी किल्ली लावली.

"चक्की चालू असताना मला आत जायची बंदी आहे," काकू म्हणाल्या. "ग्लेननं मला त्याच्या पणजोबाच्या कोटात लपवून आत नेलंय."